फोंडा ते गुरुग्राम: स्पोर्ट्स कार पाठवायची आहे, वाहतूक कंपनी कशी निवडावी?

अबोली (फोंडा)

नमस्कार. नोकरीनिमित्त मला दसऱ्यानंतर गुरुग्रामला जावे लागणार आहे आणि निदान तीन वर्षे मुक्काम तिकडेच राहील. घरातले सामान फारसे न्यायचे नाही, पण माझी २०१९ सालची पोर्शे ७१८ केमन मागे ठेवून जायला माझे मन तयार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बंद गॅरेजमध्ये ठेवलेल्या गाडीच्या चामडी आसनांवरसुद्धा बुरशी धरते, आणि आठवड्यातून एकदा ती सुरू करून फिरवून आणील असे माणूस आता घरात उरणार नाही. तेव्हा गाडी सोबत न्यायची, एवढे ठरले आहे.

गाडी ४,३७९ मिलिमीटर लांब, १,८०१ मिलिमीटर रुंद आणि अवघी १,२९५ मिलिमीटर उंच आहे. पुढच्या बंपरखाली उभी वीत मावत नाही. माझ्याकडे तीन दर आले आहेत. उघड्या ट्रेलरवरून २८,००० रुपये, इतर पाच गाड्यांबरोबर बंद कंटेनरमधून ४६,००० रुपये, आणि हायड्रॉलिक लिफ्ट असलेल्या बंद ट्रकमधून एकटीच गाडी न्यायची झाल्यास १,४०,००० रुपये. तिघेही ‘विमा आमच्याकडे लागला’ असे फोनवर सांगतात; मात्र त्या विम्याचा कागद मागितला की विषय बदलतात. नेटवरचे अभिप्राय वाचून पाहिले, तर एकाच कंपनीबद्दल पाच वेगवेगळ्या माणसांनी शब्दशः तीच वाक्ये लिहिलेली आढळली.

मला कंपन्यांची नावे नकोत, निवडण्याची रीत हवी आहे. ज्यांनी अशी बसकी गाडी लांबच्या पल्ल्यावर पाठवली आहे किंवा ज्यांचा या धंद्याशी संबंध आला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसवाडी (पणजी)

अबोलीताई, एक प्राथमिक शंका विचारतो. जेमतेम १,९०० किलोमीटरचा रस्ता आहे. बेळगाव, पुणे, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर या वाटेने, तीन मुक्काम करत आपणच गाडी चालवत का नेऊ नये? दुसरे असे की, २०२५ च्या चवथीला कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा मोटारींसाठी रो-रो सेवा (गाडीच रेल्वेच्या डब्यावर चढवून नेण्याची सोय) चालवली होती. एका खेपेत ४० मोटारी आणि प्रत्येक मोटारीला ७,८७५ रुपये असा दर होता. निदान मुंबईच्या अलीकडेपर्यंत तशी सोय मिळते का, ते पाहावे असे वाटते.

अबोली (फोंडा)

चालवत नेण्याचा विचार मी आधी केला होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. तसा असला तर माझी गाडी तिरकी घेऊन हळूच उतरते. पण गावागावांतून लोकांनी स्वतः घातलेले उभट उंचवटे असतात, त्यांवर मधला भाग घासतो. सातारा ते कागल पट्ट्यात रुंदीकरणाच्या कामापायी पावसानंतर रस्त्याची काय अवस्था असते, हे गेल्या वर्षी मी पाहिले आहे. शिवाय रजाही तेवढी उरलेली नाही.

घाटमाथा (मोले)

ताई, मी सव्वीस वर्षे मालवाहतुकीत काढली आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरांवर देखरेख केली. तिसवाडी यांच्या सूचनेपासून सुरुवात करतो. कोकण रेल्वेची ट्रकांसाठीची रो-रो १९९९ पासून चालू आहे आणि ती उत्तम चालते. मोटारींची सेवा मात्र गणेशोत्सवाची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून काढलेली होती, आणि कोलाडला उतरल्यावर पुढचे दीड हजार किलोमीटर शिल्लकच राहतात. एक चढ-उतार वाढतो, म्हणजे धोक्याची जागा वाढते. या गाडीसाठी तो मार्ग नको.

आता कंपनीची निवड. आपण ज्याच्याशी फोनवर बोलता तो बहुतेक वेळा ट्रकचा मालक नसतो. तो ऑर्डर घेतो, आपले कमिशन काढून दुसऱ्याला देतो, तो दुसरा बेळगाव किंवा पुण्याच्या अड्ड्यावरच्या तिसऱ्याला देतो, आणि शेवटी गाडी ज्याच्या हाती पडते त्याला आपल्याला काय कबूल केले होते याची कल्पनाच नसते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: गाडी ज्या ट्रकवर चढेल तो ट्रक कोणाच्या नावावर आहे? निघण्याच्या दोन दिवस आधी ट्रकचा नंबर मागून घ्यावा. एम-परिवहन ॲपवर त्या नंबरावरून फिटनेस, परमिट आणि ट्रकचा विमा चालू आहे की नाही हे दोन मिनिटांत दिसते. जो नंबर द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे ट्रक ठरलेलाच नाही असे समजावे. तसेच रस्त्याने माल वाहणाऱ्या कंपनीला २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी लागते. तो नोंदणी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक लेखी मागावा, आणि जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर घालून नाव जुळते का ते पाहावे. नामांकित कंपन्यांच्या नावात एखादे अक्षर बदलून उघडलेली संकेतस्थळे खूप आहेत. आगाऊ रक्कम कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितली, तर तिथेच थांबावे.

दुसरा प्रश्न: वाटेत गाडी किती वेळा उतरवून पुन्हा चढवली जाणार? आपल्या गोव्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या मोटारींचा भरणा कमी असतो. त्यामुळे पुष्कळ कंपन्या इथून गाडी साध्या टोइंग ट्रकवर घालून अनमोड घाटाने बेळगावला नेतात, तिथल्या किंवा पुण्याच्या यार्डात ती चार-सहा दिवस उघड्यावर उभी राहते, आणि सहा-सात गाड्या जमल्या म्हणजे कंटेनर हलतो. दर बंद कंटेनरचा लावतात, पण पहिला टप्पा उघड्यावरच होतो. पावसात घाटात दरड आली किंवा रस्ता खचला तर अवजड वाहने अडवतात आणि सगळे वेळापत्रक पुढे ढकलले जाते. दसऱ्यानंतर नेणार आहात, ते ठीकच आहे.

तिसरी गोष्ट रॅम्पची, आणि बसक्या गाडीच्या बाबतीत मला हीच सर्वांत मोठी वाटते. ट्रकचा डेक जमिनीपासून एक मीटर उंच आणि रॅम्पची फळी चार मीटर लांब असेल, तर चढ साडेचौदा अंशांचा होतो. फळी सहा मीटरची असेल तर तोच चढ साडेनऊ अंशांवर येतो. हा पाच अंशांचा फरक म्हणजे आपला पुढचा बंपर. कंपनीला तोंडी विचारू नका, ‘आमच्याकडे फेरारीसुद्धा जाते’ असेच उत्तर मिळेल. रॅम्प उघडलेल्या स्थितीतला त्या ट्रकचा फोटो मागवा आणि फळीची लांबी मोजून कळवायला सांगा. लांब फळी नसेल तर रॅम्पच्या पायथ्याशी लाकडी फळ्या रचून चढ मोडता येतो. चांगले चालक त्या सोबत बाळगतात.

बांधणीचेही विचारून ठेवा. पट्टे चाकांवरून, टायरला मिठी मारतील असे लावले पाहिजेत. सस्पेन्शनच्या दांड्याला हुक अडकवून आवळणारे लोक अजून आहेत. तसे बांधले की १,९०० किलोमीटरचे सगळे हिसके त्या दांड्यावर येतात आणि उतरवल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

जुवारी (वास्को)

घाटमाथा यांनी लिहिलेल्या प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत आहे. त्यात माझ्या अनुभवाची भर घालतो, कारण माझी गाडीही पोर्शेच आहे, बॉक्सस्टर. दोन वर्षांपूर्वी ती चंदीगडहून वास्कोला आणवली. कंपनीने नऊ दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात एकोणीस लागले.

गाडी चढवल्यावर तिला कुलूप लावले होते. गाडी तिरकी झाली की वाजणारा सेन्सर मी बंद केला नव्हता आणि चालकाला त्याची माहितीच नव्हती. ट्रक हलला की अलार्म वाजत राहिला असणार. वेर्ण्याला कंटेनर उघडला तेव्हा बॅटरी पूर्ण उतरलेली होती. या गाड्यांची बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि ते झाकण विजेवर उघडते. बॅटरी नाही म्हणून झाकण उघडत नाही, आणि झाकण उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. पार्किंग ब्रेकही विजेचा असल्यामुळे तो सुटला नाही. मी पोचण्याआधी चालकाने विंच लावून गाडी ओढायला घेतली होती. मागची दोन्ही चाके जागच्या जागी रुतलेली, आणि कंटेनरच्या पत्र्यावर दोन काळ्या रेघा उमटलेल्या. मागचे दोन्ही टायर एका जागी चपटे झाले आणि बदलावे लागले.

नंतर सेवा केंद्रातल्या मेकॅनिकने दाखवले की पायापाशी दाराजवळच्या फ्यूज पेटीत एक लाल टोक असते. ते बाहेर ओढून दुसऱ्या बॅटरीची धन तार त्याला आणि ऋण तार दाराच्या धातूच्या भागाला लावली की तेवढ्या विजेवर झाकण उघडते. हे मला आधी ठाऊक असते तर टायर वाचले असते. आपण एका कागदावर मराठीत आणि हिंदीत ही कृती लिहून, शेजारी छायाचित्र चिकटवून, तो कागद डॅशबोर्डवर ठेवावा. टो हुक (गाडी ओढण्याचा आकडा) पुढच्या डिकीतल्या हत्यारांच्या संचात असतो. तोही बाहेर काढून आसनावर ठेवावा, नाहीतर झाकणाबरोबर तोही अडकून पडतो.

कंपनीने नुकसानभरपाई दिली नाही. बिल्टीवर (वाहतूकदार माल घेताना देतो त्या पावतीवर) ‘जोखीम मालकाची’ असा शिक्का होता आणि पोचपावतीवर मी घाईत ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या छापील वाक्याखाली सही करून मोकळा झालो होतो.

रापण (मडगाव)

मी विमा सर्वेक्षक म्हणून काम करतो. जुवारी यांच्याबाबतीत जे घडले ते मी वारंवार पाहतो, म्हणून कागदांविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

‘विमा आमच्याकडे लागला’ या वाक्याचे तीन वेगळे अर्थ निघू शकतात. पहिला म्हणजे ट्रकचा स्वतःचा मोटार विमा. त्यात ट्रकवर लादलेला माल येत नाही, त्यामुळे आपल्या गाडीसाठी त्याचा काही उपयोग नाही. दुसरा म्हणजे वाहतूकदाराची कायद्याने असलेली जबाबदारी. कॅरेज बाय रोड कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे माल गहाळ झाला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती मर्यादित असते, आणि तीही आपण कागदावर घोषित केलेल्या किमतीच्या वर जात नाही. ४६,००० रुपये भाड्यावर ती ४,६०,००० होते, २८,००० वर २,८०,०००. जास्त जोखमीचा दर भरून ही मर्यादा वाढवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पण तो दर मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि तो भरला असेल तर त्याची नोंद कागदावर दिसली पाहिजे. माल सोपवताना आपण जी गुड्स फॉरवर्डिंग नोट भरून देतो, तीत गाडीची खरी किंमत लिहावी. कर लागेल म्हणून किंमत कमी लिहा, असा सल्ला पुष्कळजण देतात; तो ऐकू नये. वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) लागत नाही. गाडी स्वतःच्या वापराची असून विक्रीसाठी नाही, असे पत्र आरसीच्या प्रतीबरोबर जोडावे.

तिसरा अर्थ म्हणजे प्रवासातल्या मालाचा विमा, आणि आपल्याला हवा आहे तो हाच. त्याच्या अटी अ, ब आणि क अशा तीन संचांत येतात. ‘क’ मध्ये जवळजवळ आगच तेवढी येते. ‘ब’ मध्ये ट्रकची टक्कर, ट्रक उलटणे, पूल कोसळणे अशा गोष्टी येतात. चढवताना बंपर घासला किंवा पट्ट्याने रंग गेला, तर भरपाई फक्त ‘अ’ संचात मिळू शकते. कंपन्या बहुधा ‘ब’ घेतात आणि ग्राहकाला ‘संपूर्ण विमा’ म्हणून सांगतात. म्हणून पॉलिसीची प्रत मागावी, तीत आपले नाव, गाडीचा चॅसिस क्रमांक आणि अटींचा संच पाहावा. त्यांनी दिली नाही तर आपण स्वतः विमा कंपनीकडून एका खेपेपुरती घ्यावी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीतच रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमान यांतून गाडी नेली जात असतानाचे नुकसान समाविष्ट असते. पॉलिसीचा पहिला विभाग वाचून पाहावा. मात्र त्यावर दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर लहान दुरुस्तीसाठी दावा करणे परवडत नाही.

गाडी हाती आल्यावर नुकसान दिसले तर पोचपावतीवरच ते लिहावे आणि चालकाची सही घ्यावी. त्यानंतर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत ती दिली नाही तर दावा लावता येत नाही. हे दिवस गाडी पोचल्यापासून मोजायचे नसतात, हे विसरू नये.

अबोली (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे समोर ठेवून मी तिन्ही ठिकाणी पुन्हा फोन केले आणि तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले.

२८,००० वाल्यांनी ट्रकचा नंबर ‘निघायच्या दिवशी’ देऊ असे सांगितले, तेव्हा तो पर्याय तिथेच सोडला. ४६,००० वाल्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले की इथून बेळगावपर्यंत उघडा ट्रक येईल आणि बेळगावला गाडी कंटेनरच्या दुसऱ्या मजल्यावर चढेल. त्यांच्या पॉलिसीची प्रत आली, ती ‘ब’ संचाची आहे. १,४०,००० वाल्यांनी नंबर, नोंदणी आणि लिफ्टचा व्हिडिओ त्याच संध्याकाळी पाठवला. लिफ्ट सपाट खाली येते, त्यामुळे चढाचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु गाडीचे विमा मूल्य ५२ लाख आणि दहा पटींचा हिशेब १४ लाखांवर थांबतो, म्हणून प्रवासाचा विमा मी स्वतंत्रपणे ‘अ’ संचाचा घेणार आहे. वडिलांचे मत असे पडले की भाड्यातच एक लाख जास्त जातात. मी त्यांना जुवारी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यावर ते काही बोलले नाहीत.

एक अडचण उरते. हा ट्रक आमच्या वाड्यातल्या रस्त्यावर वळणार नाही. कुठे बोलवावा?

घाटमाथा (मोले)

कुंडई औद्योगिक वसाहतीत बोलवावा. जागा सपाट आहे आणि सकाळी सातच्या आत रहदारी नसते. चढवणे उजेडातच करावे. टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल ठेवू नये. फास्टॅगवर ॲल्युमिनियमचा कागद दुहेरी गुंडाळावा; ट्रेलरवरच्या मोटारीचा टॅग वाचला जाऊन टोल कापला गेल्याच्या तक्रारी माझ्याकडे येत असत. आणि पेट्या, कपडे, भांडी गाडीत भरू नयेत. तपासणीत अडवणूक होते आणि आसनांना ओरखडे पडतात ते वेगळेच.

तिसवाडी (पणजी)

तीन वर्षे राहणार असाल तर नोंदणीचेही पाहून ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी फोंड्याच्या वाहतूक कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागेल. आपण इथे असतानाच अर्ज केलेला बरा.

अबोली (फोंडा)

गुरुग्रामहून लिहीत आहे. गाडी सातव्या दिवशी पोचली.

कुंडईला चढवताना मी आणि वडील दोघेही हजर होतो. धुक्यात चालकाने लिफ्ट खाली टेकवली, तिच्या कडेला जेमतेम बोटभर उंचवटा राहत होता, तिथे त्याने न सांगता सुपारीच्या झावळ्यांवर गोणपाट घालून तो भरून काढला. झावळ्या त्याने वाटेत कुणाच्या कुळागरातून मागून आणल्या होत्या. गाडी मीच आत घेतली. सेन्सर बंद केला, टो हुक आसनावर ठेवला, जुवारी यांनी सांगितलेला कागद डॅशबोर्डवर ठेवून चालकाकडून एकदा मोठ्याने वाचून घेतला. चाळीस फोटो काढले, त्यांत किलोमीटरचा आकडाही घेतला.

इकडे उतरवताना बॅटरी ठणठणीत होती आणि टोल कापला गेलेला नाही. मात्र मागच्या उजव्या रिमवर पट्ट्याच्या कडीने पडलेला नखाएवढा ओरखडा दिसला. तो कुंडईच्या फोटोत नाही. पोचपावतीवर तसे लिहिले आणि चालकाने खळखळ न करता सही केली. आता दावा करावा की सोडून द्यावा?

रापण (मडगाव)

मोटार पॉलिसीला हात लावू नका, बोनस जाईल. प्रवासाच्या विम्यावर करा. त्याआधी वाहतूकदाराला नोटीस आजच पाठवा, कारण ती दिलेली नसेल तर विमा कंपनी पुढे वाहतूकदाराकडून वसुली करू शकत नाही आणि मग आपल्यालाच प्रश्न विचारते. नोटिशीत बिल्टीचा क्रमांक, बुकिंगची तारीख आणि पोचपावतीवरची नोंद जशीच्या तशी लिहा. रिम दुरुस्तीला देण्यापूर्वी सर्वेक्षकाला पाहू द्या.

अबोली (फोंडा)

नोटीस दुपारी स्पीड पोस्टाने पाठवली, ईमेलवरही प्रत दिली. सर्वेक्षक गुरुवारी येणार आहेत. तोपर्यंत रिम धुतलेलीही नाही.